बुएनाबाईंचा हट्टी टाइपरायटर

मी एक जुना टाइपरायटर आहे. माझी अक्षरे हिब्रू, उजवीकडून डावीकडे धावणारी. पण मित्रांनो, माझा जन्म जर्मनीतला. युद्धाआधीच मी जहाजाने हैफा बंदरात आलो आणि एका दुकानात धूळ खात पडलो.

युद्ध संपल्यावर बुएना साल्टिएल नावाची बाई तिथे आली. सालोनिका हे ग्रीक शहर तिचे गाव; ती ज्यू. नाझींनी तिचे सारे घर आगगाडीत कोंडून छळछावणीत नेले होते. जिवंत राहिली ती एकटी. तिच्या हातावर गोंदलेला छावणीचा आकडा पाहून दुकानदार माझ्या पाठीवरची जर्मन कंपनीच्या नावाची पट्टी हाताने झाकू लागला.

"झाकता कशाला?" ती म्हणाली. "जर्मन आहे ना? द्या. आता यालाच सांगू दे सगळं!"

दिवसभर ती लोकांचे कपडे शिवत असे. संध्याकाळी बोरेका, म्हणजे वांग्याचे सारण भरलेल्या करंज्या, भट्टीत सरकवून माझ्यापुढे बसे. वरच्या मजल्यावरच्या त्सिपोराबाई खिडकीतून ओरडत, "अगं, पुरे ती टकटक! झालं गेलं विसर. कुणाला ऐकायचंय ते?"

"तुम्ही कान झाका, त्सिपोराबाई. मी तोंड झाकणार नाही!"

धाकट्या बहिणीचे, रेनाचे, नाव आले की ती कळा इतक्या जोराने मारी की कागदाला भोक पडे.

पुस्तक पुरे झाले. प्रकाशक पिन्हास घरी आले. "उत्तम लिहिलंय, बाई. फक्त शेवट बदला. रेनाच्या हाती बंदूक द्या. आपल्या नव्या देशाला शूर माणसं हवीत."

बुएना उठून उभी राहिली. "तिच्या हाती बटाट्याची साल होती. स्वतः उपाशी असून ती तिने मला दिली, पहारेकरी बघत असताना. त्यासाठी मेली ती. याहून शूर कुणी असेल तर घेऊन या माझ्यासमोर!"

पिन्हास कॉफी तशीच टाकून गेले. दुसऱ्याच दिवशी तिने कार्बन कागदांचा गठ्ठा आणला. आम्ही पहिल्या पानापासून पुन्हा सुरुवात केली. माझी फीत विरली, तिची बोटे सुजली. सुईदोऱ्याने शिवलेल्या त्या प्रती ती गिऱ्हाइकांना झग्यासोबत देई. एक प्रत वरच्या मजल्यावरही गेली.

काही दिवसांनी त्सिपोराबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. आवाज अगदी बारीक. "बुएना, माझा पण एक भाऊ होता गं. त्याचं लिहिशील?"

"बसा," बुएना म्हणाली, आणि माझ्यात कोरा कागद सरकवला.

मग एकामागून एक माणसे येऊ लागली. पुढे तिचा संसार झाला, मुलेबाळे झाली. तिचे पुस्तकही छापले गेले, शेवट न बदलता. आज ते शाळांत वाचतात.

ती गेली तेव्हा संग्रहालयवाले मला काचेच्या पेटीत ठेवायला आले. तिच्या नातीने, ओर्लीने, दारातूनच सांगितले, "पेटी परत न्या. तो अजून कामावर आहे."

मित्रांनो, माझ्यावर दया दाखवू नका. तेल घाला, नवी फीत लावा, आणि ज्याला कुणी गप्प बसवले आहे त्याला माझ्यापुढे आणून बसवा.