शीतगृहाच्या दारात कोण

जुन्नरच्या ऑफिसात बसून इफरा तीन पॅकहाउसच्या संगणकांवर नजर ठेवायची. मंगळवारी सकाळी अकरा वाजून सात मिनिटांनी तिच्या पडद्यावर लाल रेघ उमटली. बोरी बुद्रुकच्या शीतगृहाच्या यंत्रणेत परदेशातून कुणीतरी शिरलं होतं आणि त्यानं ठरवून दिलेलं तापमान एक अंशावरून अठरावर नेऊन ठेवलं होतं; खोली हळूहळू तापू लागली होती.

आत निर्यातीची द्राक्षं होती. संध्याकाळी कंटेनर यायचा होता. खोली पाच अंशांवर गेली, तर माल उचलणार नाही, असं खरेदीदारानं लिहूनच दिलेलं.

पासवर्ड फुटला होता, हे उघड होतं. पण नुसत्या पासवर्डवर आत जाता येत नसे. तिथले व्यवस्थापक गेणभाऊ यांच्या मोबाइलवर ‘तुम्हीच आहात का?’ असा प्रश्न जाई. त्यांनी ‘होय’ दाबलं तरच पुढचं. इफराने घुसखोराला बाहेर काढलं. दोन मिनिटांत तो पुन्हा आत. पुन्हा काढलं, पुन्हा आत. तिने फोन लावला.

“गेणभाऊ, तुम्ही आत्ता होय दाबलंत?”

“दाबलं की.”

“म्हणजे तुम्ही यंत्रणेत शिरताय?”

“मी कशाला? मी चहा पितोय.”

“मग होय का दाबलं?”

“आधी न्हाईच म्हणत व्हतो. चौदा येळा इचारलं त्यानं. दारात उभ्या माणसाला किती येळा न्हाई म्हणायचं, पोरी? आपल्यात रीत हाये का ती?”

“तो चोर आहे.”

“त्ये तू आत्ता सांगतीस.”

हे तिने सहा महिन्यांत चारदा सांगितलं होतं. एकदा फळ्यावर चित्र काढून. खोली तीन पूर्णांक दोनवर आली होती.

“स्पीकर लावा आणि फोन लंकाबाईंकडे द्या.”

“तिच्याकडं? आगं, केस झाकायची टोपी न्हवती म्हणून तिनं मालकाच्या मेव्हण्याला भायेर उभं केलतं.”

“म्हणूनच द्या.”

लंकाबाई प्रतवारीच्या खोलीची मुकादम. काय दाबायचं ते तिला एकदाच सांगावं लागलं. इफराने घुसखोराला काढलं आणि पलीकडून आवाज येऊ लागले. “न्हाई. आला परत. न्हाई. लई निलाजरा दिसतोय. न्हाई.” नवव्यांदा तो थकला. इफराने तेवढ्यात पासवर्ड बदलून घेतला.

आता तापमान खाली आणायला तिला स्वतःला आत शिरायचं होतं. प्रश्न त्याच फोनवर गेला.

“मावशी, आता होय दाबा. ही मी आहे.”

“त्यो बी आसंच म्हणत आसंल.”

“अहो, मी बोलतेय ना तुमच्याशी.”

“आवाजाचं काय घिऊन बसलीस. आवाज बी चोरत्यात, तूच सांगितलंस.”

सांगितलं होतं. एवढं सगळं सांगितलं, त्यातलं नेमकं हेच एका माणसाच्या लक्षात राहिलं होतं. चार पूर्णांक एक.

“काल हितं आलीस तवा माझ्या डब्यातलं काय खाल्लंस?” लंकाबाईने विचारलं.

“मेथी. बाजरीची भाकरी.”

“आन काय म्हणालीस?”

“मीठ जास्त झालंय म्हणाले.”

पडद्यावर ‘होय’ आलं नाही. चार पूर्णांक चार.

“मावशी, पटली ना ओळख? दाबा आता.”

“जास्त व्हतं का?”

या नोकरीआधी प्रयोगशाळेत तीन वर्षं क्षार दोन दशांश स्थळांपर्यंत मोजणाऱ्या इफराने डोळे मिटले.

“नाही. बरोबर होतं.”

“मग ठीक,” लंकाबाई म्हणाली, आणि दाबलं.