सावरीपासून पन्नास पावलं

मी दुर्बीण. आज कुणी न विचारता बोलणार आहे, आणि मध्येच कुणी सारवासारव केलेली मला खपणार नाही. सारवासारव फार झाली.

जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही; जन्म कुणाला आठवतो? आठवतात ते शहाद्याचे हिंमतराव गुरुजी. निवृत्त झाल्यावर त्यांना पाखरांचं वेड लागलं. मला गळ्यात अडकवून ते सातपुड्यात हिंडायचे. वाट दाखवायला सोबत रूपलीबाई, तोरणमाळच्या पायथ्याच्या पाड्यावरची पावरा जमातीची बाई, शाळेचं तोंड न पाहिलेली. गुरुजी माझ्यातून तासभर शोधत बसायचे आणि ही नुसता कान देऊन बोट दाखवायची, "तठे!" ते बोट कधी चुकलं नाही.

गुडघे थकले तेव्हा गुरुजींनी मला तिच्या गळ्यात घातलं. म्हणाले, "कान तुझे, काच माझी. लोकांना पाखरू दाखव, पण पाखराला लोक दाखवू नकोस."

पोटापेक्षा मानासाठी जगणारी बाई ती. चित्रांच्या पुस्तकावरून तिने शंभरावर पाखरं पाठ केली. सावरीच्या ढोलीत रानपिंगळ्याचं, त्या दुर्मिळ छोट्या घुबडाचं, घरटं सापडलं, तेव्हा झाडापासून पन्नास पावलं मोजून तिने दगडांची ओळ लावली. मग पाड्याने वाघदेवापुढे नारळ फोडून शब्द दिला, की या दगडांपलीकडे माणूस जाणार नाही. वाघदेव म्हणजे शिवेवरचा जंगलाचा राखणदार. त्याला दिलेला शब्द कागदावर लिहावा लागत नाही.

सुरतेहून, नाशकाहून माणसं येऊ लागली. रूपलीबाईचा पुतण्या फुलसिंग आणि पाड्यावरच्या चार बायाही वाटाड्याचं काम शिकल्या. लोक माझ्यातून ते पिवळे डोळे बघायचे आणि श्वास घ्यायला विसरायचे. मी फुगून जायची. पण माणसाची एक खोड तेव्हाच माझ्या ध्यानात यायला हवी होती. दूरचं जवळ दिसलं की त्याला आणखी जवळ हवं असतं. ही चटक दुसऱ्या कुणी नाही, मीच लावली.

मग एका पावसाळ्यात मी कुडाच्या ओल्या भिंतीला लटकत राहिले आणि माझ्या काचेला आतून बुरशी धरली. पदराने पुसून निघणारी नव्हे. रूपलीबाईला पहिल्याच दिवशी कळलं. तिने कुणाला सांगितलं नाही. पाड्यात एकच दुर्बीण, तिची. ती गेली तर आपल्याला कोण विचारणार, असं तिला वाटलं असावं.

मी ठार आंधळी झाले असते तर बरं होतं, तिने मला कोपऱ्यात टाकलं असतं. पण मला थोडं दिसत होतं. हे थोडं दिसणंच घात करतं.

थंडीत पहिली मंडळी आली. सुरतेच्या एकाने माझ्यात डोळा घातला, नुसता धूर दिसला आणि त्याने तोंड वाकडं केलं. "मासी, आ तो धुमाडोच छे!"

रूपलीबाईने इकडेतिकडे पाहिलं. "दहा पावलं पुढे या," ती म्हणाली.

पुढची मंडळी वीस पावलं गेली. त्याच्या पुढची थेट सावरीखाली उभी राहून फोटो काढू लागली. मी तिच्या छातीवर लटकून सगळं ऐकत होते. मादी ढोलीतून उडाली, ती परतली नाही. आत अंडी होती. सकाळी त्या रानात पिंगळ्याची जी हाक यायची, ती थांबली. रूपलीबाई चार दिवस एकटीच झाडाखाली कान देऊन बसली. पाचव्या दिवशी घरी येऊन तिने मला उशाखाली दडवलं. मी तिथे लाजून पडले होते, आणि तिलाही झोप नव्हती.

उन्हाळा लागला आणि प्रतिभा आली. प्रकाशा गावच्या शेतकऱ्याची लेक, विद्यापीठात संशोधन करणारी. जंगल न मोडता पर्यटन चालतं का आणि त्यात वाटाड्यांचा हात किती, हे ती शोधत होती. तिच्या अहवालावरून ठरणार होतं, ही वाट पाड्याकडे राहील की बाहेरच्या ठेकेदाराकडे जाईल. पाड्याचा जीव टांगणीला लागला होता.

बाजारच्या अहिराणीतच तिने विचारलं, "मावशी, लोके जवय पुढे जावाना हट्ट करतस, तवय तू काय करस?"

"माघारी धाडी देस!" रूपलीबाई ताठ मानेने म्हणाली. प्रतिभाने ते लिहून घेतलं. मला काच तडकल्यासारखं झालं.

मग प्रतिभाने सहज मला मागून घेतलं आणि डोळ्याला लावलं. "मावशी, समदं धवळं दिखस!"

फुलसिंग चटकन पुढे आला. "सकाळनी धुई शे ती, ताई."

"भर दुपारले धुई?" प्रतिभा हसली. मग हसायची थांबली. "पन्नास पावलांवरून हिच्यातून पाखरू दिखस तरी कसं?"

 फुलसिंग दात आवळून पुटपुटला, "काकी, चूप ऱ्हाय! समदास्नं काम जाई."

रूपलीबाईने शिवेकडे पाहिलं, जिथे वाघदेव आहे. "जाऊ दे. लिखी ले, पोरी. मन्हा शब्द मी मोडा. पाखरू मन्हामुळे गयं." आणि मग पावलं सांगितली, दहा, वीस, पार सावरीपर्यंत. एकही कमी केलं नाही.

प्रतिभाने तेही लिहिलं, आणि चूक स्वतः सांगणाऱ्या पाड्यावर भरवसा ठेवता येतो, हेही. वाट ठेकेदाराकडे गेली नाही. पाड्याकडेच राहिली, पण विणीच्या हंगामात सावरीकडे जायला बंदी आली, आणि रूपलीबाईने वाटाड्याचं काम आपण होऊन सोडलं. फुलसिंग दोन महिने तिच्याशी बोलला नाही.

प्रतिभाने मला शहरात नेऊन साफ करून आणते म्हटलं. बाई ठाम नाही म्हणाली. आता नव्या शिकणाऱ्या बायांच्या हाती ती सगळ्यात आधी मलाच देते.

"काय दिखस?"

"काहीच नही, काकी."

"मंग पुढे जाऊ नको. परत फिर."

त्यांना शिकवायला माझी बुरशी उपयोगी पडते, याचा मला आनंद नाही. अंडी थंड पडली त्याची भरपाई यात नाही. माझ्यातून पाहणाऱ्यांनो, मला माफ करा म्हणत नाही. इतकंच मागते, पाखरू नीट दिसलं नाही तर ते न पाहताच घरी जा. सावरीची ढोली अजून रिकामी आहे.