दोन खटके ढिला

या मित्रांनो, असे जवळ सरकून बसा. ज्याला देवाने जीभ दिली नाही, त्याची गोष्ट आज ऐका.

मी एक जुना शॉकअब्सॉर्बर आहे. शर्यतीच्या गाडीच्या मागच्या डाव्या चाकापाशी माझा मुक्काम. पोटात तेल, अंगाभोवती स्प्रिंग, आणि मला कडक-ढिले करायला खटक्याखटक्याने फिरणारी एक कळ. रस्त्याचा धक्का तिने झेलायचा आणि मी जिरवायचा, असा आमचा संसार.

गाडी चालवायचा दादा. तिची निगा राखायची त्याची धाकटी बहीण; सारे तिला मिस्त्रीण म्हणत. चार हंगाम मी चाक रस्त्याला धरून ठेवले. जिंकल्यावर लोक दादाला खांद्यावर घेत, आणि ती माझ्या अंगावरची धूळ पुशी.

मग माझे सील फाटले. तेल थेंबाथेंबाने झिरपू लागले. शेवटच्या शर्यतीआधी सराव करून दादा उतरला तो कण्हतच.

"मागून फार कडक लागतेय गं! कंबर मोडली माझी. ढिली कर."

तिने गाडीचे मागचे कोपरे दाबून सोडले. उजवा एकदा वर आला आणि शांत झाला. मी आपला डुलतोच आहे. तिने माझ्या दांड्यावर बोट फिरवले. ते काळे, ओले झाले.

"दादा, हा कडक नाही, मेलाय. पार तळाला टेकतोय, म्हणून दणका बसतोय. तासभर दे, नवा बसवते."

"तासाभरात शर्यत संपेल, बाईसाहेब! गाडी तू चालवतेस की मी?"

"तूच. पण..."

"मग फिरव कळ."

थोरल्याचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, ही त्या घराची रीत. तिने मला दोन खटके ढिले केले. उपाशी माणसाला लंघन सांगावे, तसे झाले.

तिसऱ्या फेरीत, उजव्या वळणावर सगळा भार माझ्यावर आला. मी तळाला आपटलो, चाक निसटले. पुढे भिंत होती. दादा गेला.

"कळ कोणी ढिली केली?" चौकशीत विचारले.

"मी," ती म्हणाली. बस्स, एवढेच.

नंतर आई गॅरेजात आली. "माझा लेक तुझ्या हातून गेला," म्हणाली. 'दादानेच सांगितले,' एवढ्या एका वाक्यात सुटका होती. पण गेलेल्या भावावर तिने ते वाक्य टाकले नाही. 

मित्रांनो, यंत्र कण्हले तर त्याच्या अंगावर हात ठेवणाऱ्याचे ऐका. आणि देवापुढे हात जोडाल, तेव्हा दादासाठी तर मागालच. पण खरे सांगूनही जी दोषी ठरली, त्या धाकटीची आठवण ठेवा.