कार्यालयाच्या पायऱ्या

नाशिकच्या कोर्टाच्या भिंतीला लागून मी तीस वर्षं टाइपरायटर घेऊन बसलो. टायपिस्टला लोक अर्धा वकील समजतात. ती समजूत मी कधी मोडली नाही, कारण घरी माझं कुणी फारसं ऐकत नव्हतं.

सन दोन हजारच्या फेब्रुवारीत गोजराबाई आली. मखमलाबादची, पन्नाशीची, फुलं पिकवणारी आणि हार करणारी. डाव्या हातानं तिनं पिशवी माझ्यापुढं ठेवली. उजवं मनगट वाकडं दिसत होतं.

"भाऊ, कार्यालयाच्या शेटला एक अर्ज लिहून द्या," ती म्हणाली. "नीट शब्दात. मला भांडण नको."

हकिगत अशी. मागच्या मे महिन्यात ती गंगापूर रोडवरच्या एका मंगल कार्यालयात लग्नाचे हार पोचवायला गेली. पुढच्या पायऱ्या नव्याकोऱ्या, गुळगुळीत फरशीच्या, कठडा नाही. नवरदेव यायचा म्हणून कार्यालयाच्या माणसानं त्या साबणाच्या पाण्यानं धुतल्या आणि तशाच सोडल्या. बाई टोपलीसकट खाली आली. मनगट मोडलं आणि वाकडं जुळलं. आता डॉक्टर म्हणत होते, हाड पुन्हा तोडून आत धातूची पट्टी बसवली तर बोटं चालतील, पण लवकर करा. बोटं चालली नाहीत तर हार कोण करणार? कार्यालयाचे मालक रावजीशेठ म्हणाले होते, "तू पडलीस, त्यात माझा काय संबंध?"

माझं डोकं फिरलं.

"अर्ज कसला करता, भरपाई मागा," मी म्हटलं. "दुसऱ्याच्या जागेत त्याच्या हलगर्जीपणानं माणूस पडलं तर दिवाणी दावा लावता येतो. तीन वर्षांची मुदत असते. ग्राहक मंचात जमणार नाही, तुम्ही त्याचं गिऱ्हाईक नव्हतात. आधी वकिलाची नोटीस पाठवायची. आणि बाईमाणसाला सरकार वकील फुकट देतं, आत विधी सेवेच्या खोलीत विचारा."

एवढं ज्ञान पाजळून मी पिशवीतला दवाखान्याचा केसपेपर उघडला. त्यावर लिहिलं होतं: घरी ओट्यावरून पाय घसरून पडली.

"हे कुणी लिहिलं?"

"मीच सांगितलं तसं," गोजराबाई म्हणाली. "कार्यालयात पडले म्हणले असते तर मांडवात पोलीस आले असते. नवरीच्या सासरची माणसं म्हणली असती, पोरीचा पायगुण वाईट, उंबरा ओलांडायच्या आधीच हाड मोडलं. तिचा काय दोष हाय, भाऊ? तिचं नाव मीच झेंडूत गुंफलं होतं स्टेजवर. भाग्यश्री."

"स्वतःच्या पायावर धोंडा म्हणतात तो हाच," मी म्हणालो. म्हणालो खरा, पण बाईपुढं मला लाज वाटली. असं खोटं मला तरी सुचलं नसतं.

विधी सेवेनं सुधाताई नावाच्या तरुण वकील दिल्या. नोटीस मीच टाइप केली; मनगटाचा पुरावा म्हणून केसपेपरची नक्कल जोडावीच लागली. पंधरा दिवसांत रावजीशेठच्या वकिलाचं उत्तर आलं, आणि आम्हाला ज्याची भीती होती तेच त्यात होतं: बाई स्वतःच्या घरी पडल्या, दवाखान्याचा कागदच तसं सांगतो.

"दावा लावू," सुधाताई म्हणाल्या, "पण पडताना पाहिलेलं माणूस हवं. कार्यालयातले नोकर बोलणार नाहीत, त्यांना पोट आहे. नवरीकडचं कुणी?"

"त्या पोरीला यात ओढायचं नाय," गोजराबाई म्हणाली. "हात गेला तरी चालंल."

ती पहिल्यांदाच मोठ्यानं बोलली होती. सुधाताईंनी फाईल मिटली. मी गप्प बसणाऱ्यातला नाही. नवरी येवल्याला पैठणीच्या दुकानवाल्यांकडं दिलीय, हे बाईच्या तोंडून एकदा निघून गेलं होतं. रविवारी कुणाला न सांगता मी येवल्याची एसटी धरली.

चार दुकानं विचारल्यावर घर सापडलं. भाग्यश्रीनं सगळं ऐकून घेतलं. मग तिनं लग्नाची व्हिडिओ कॅसेट लावली. नवरदेवासाठी कॅमेरा पायऱ्यांवर रोखलेला होता. एक बाई टोपली घेऊन चढते, पाय सरकतो, हार उधळतात. बाईला कुणी बाजूला नेतं. मग दोन माणसं पोतं घेऊन घाईघाईनं पायऱ्या पुसतात आणि नवरदेव सुखरूप वर येतो.

"पाहुणे आले की आम्ही हे लावतो, काका," ती म्हणाली. "इथं सगळे हसतात. मीही हसलेय." तिचे डोळे भरून आले.

सासूबाई दारात उभ्या होत्या. माझ्याकडं त्यांनी असं पाहिलं की मी चहाचा कप खाली ठेवला. मग त्या सुनेला म्हणाल्या, "पायगुण माझ्या सुनेचा, तो मी ठरवीन. कोर्टात तू एकटी जायचं नाहीस, मी येते."

दावा दाखल झाला आणि तडजोडीसाठी लोकअदालतीत आला. तिथं गोजराबाई नको नको म्हणत असताना भाग्यश्री कॅसेट हातात घेऊन उभी राहिली आणि तिनं पाहिलेलं सगळं सांगितलं. रावजीशेठच्या वकिलानं कॅसेटकडं पाहिलं, शेठना बाहेर नेलं. दहा मिनिटांत दोघं परत आले, शेठ खाली बघत होते. ऑपरेशनचा खर्च, बुडालेल्या सीझनची भरपाई, सगळं कबूल झालं. पायऱ्यांना कठडा बसवायची अट गोजराबाईनं स्वतः घातली.

तडजोडीचा कागद टाइप करायला माझ्याकडंच आला. गोजराबाई माझ्या स्टुलाशी वाकून हळूच म्हणाली, "भाऊ, लग्न कुणाचं ते घालू नका. कागद राहतो."

भाग्यश्रीनं ते ऐकलं.

"लिहा, काका. भाग्यश्रीच्या लग्नात, कार्यालयाच्या पायऱ्यांवर, असंच लिहा," ती म्हणाली. "मावशी, माझ्यासाठी दवाखान्याच्या कागदावर तुम्ही स्वतःचं घर लिहिलंत. आता माझं नाव राहू द्या."

गोजराबाईनं डाव्या हातानं पोरीच्या गालावरून बोटं फिरवली आणि कानशिलावर मोडली. मी लिहिलं. दोन अक्षरं चुकली, ती खोडून पुन्हा मारली.

ऑपरेशन मे महिन्यात झालं. दसऱ्याला सकाळी मी टाइपरायटर पुसून हळदकुंकू लावत होतो, तेवढ्यात गोजराबाई आली. केळीच्या पानात झेंडूचा हार होता. एका बाजूला फुलं दाटीवाटीनं बसली होती, दुसऱ्या बाजूला मधूनमधून दोरा दिसत होता.

"चार महिने नुसता व्यायाम केला," ती म्हणाली. "हा पहिलाच हाय. जमला का?"

तीस वर्षांत मी कुणाची चूक दाखवायची सोडली नाही. त्या दिवशी मी हार टाइपरायटरला घातला आणि झकास जमलाय म्हणालो. ती हसली. तिला माहीत होतं मी खोटं बोलतोय.