चिमणीच्या बोटाला सुई लागली

अंगानं एवढीशी, म्हणून प्रयोगशाळेत सगळे त्या तरुण संशोधिकेला चिमणी म्हणत. त्या दुपारी आतल्या बंद खोलीतून तिचा फोन आला, तेव्हा प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमना तिचा आवाजच ओळखू येईना.

“मॅडम, बोटाला सुई लागली. दोन्ही हातमोज्यांतून आरपार.”

सुईत पक्ष्यांच्या फ्लूचा विषाणू होता, तोही श्वासातून पसरेल असा मुद्दाम बदलत नेलेला. निसर्गानं तो घडवायच्या आत आपली लस तयार हवी, असं जैवसुरक्षा समितीच्या गळी उतरवून मॅडमनीच परवाना मिळवला होता.

“कुणी पाहिलं नाही,” चिमणी म्हणाली, “पण सांगायला हवं ना?”

“हवंच. शहाणी माझी. हात धू, तिथेच थांब.”

मॅडमचा सहायक हळूच म्हणाला, “परवान्याचं नूतनीकरण तोंडावर आलंय. जरा दमानं घेऊ या का?”

“आणि तिच्या आईला काय तोंड दाखवू?” म्हणत मॅडमनी सुरक्षा अधिकाऱ्याला फोन लावलासुद्धा. काम त्याच दिवशी बंद पडलं.

चिमणीला दवाखान्यात वेगळं ठेवलं. मॅडम रोज काचेबाहेर खुर्ची टाकून बसत आणि फोनवर बोलत.

“आईला कळवलंत?”

“खाली बसलीय. माझ्या डब्यातलं खातेय आणि मलाच शिव्या घालतेय.”

चिमणी खुदकन हसली. मग म्हणाली, “मी सांगितलंच नसतं, आणि तशीच घरी गेले असते तर?”

‘नगण्य धोका’ हे शब्द मॅडमनी परवान्याच्या अर्जात कितीदा लिहिले होते. आता तो धोका काचेपलीकडे पाय पोटाशी घेऊन बसला होता.

ताप आला नाही. चिमणी सुखरूप सुटली.

समितीपुढे मॅडमनी स्वतःच सांगितलं, “विषाणू बदलण्याचं काम थांबवा. लसीचं चालू राहू द्या.”

“आणि उद्या निसर्गानंच तो घडवला तर?” अध्यक्षांनी विचारलं.

“तर मी स्वतःला माफ करू शकणार नाही. तरीही थांबवा.”

बाहेर चिमणी गाल फुगवून उभी होती. “मला नाही पटलं. आणखी जपून केलं असतं की!”

“मग भांड माझ्याशी,” तिच्या कपाळावरचे केस मागे सारत मॅडम म्हणाल्या. “पण आधी आईबरोबर घरी जा, दोन घास खा. रोडावलीस गं.”