सांध्यावर सांधा

जावई काय करतात, असं कुणी विचारलं की मी विषय बदलत असे. चांगला मिशीवाला गडी सातारच्या औद्योगिक वसाहतीत बसून दिवसभर खेळण्यातल्या विटा एकमेकींवर दाबतो, हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

तानाजी त्यांचं नाव. माझी पल्लवी त्यांना दिली तेव्हा ते एका कारखान्यात लेथवर होते. तो कारखाना बंद पडला. मग सांगलीच्या हळदवाल्यांच्या धवलशेठनं त्याच शेडमध्ये प्लॅस्टिकची खेळणी काढली आणि तानाजी तिथं लागले, पण टेंपरवारी. दोन वर्षं झाली तरी टेंपरवारीच.

खेळणं कसलं, तर ठोकळे जोडून गड बांधायचा. आणि गडावर परदेशी जादूगारांचा सामना. टोकदार टोप्यांचे हे बहाद्दर मिटलेल्या छत्रीवर टांग टाकून आकाशात उडतात आणि एकमेकांवर पितळी गोळे फेकतात. धवलशेठनं परदेशात टीव्हीवर असलं काहीतरी पाहिलं होतं म्हणे. आम्ही माणदेशातली माणसं. आमच्याकडे छत्री एका लग्नात आहेर म्हणून येते आणि तशीच कोरी दुसऱ्या लग्नात जाते. तिच्यावर बसून उडायची युक्ती आमच्या सात पिढ्यांत कुणाला सुचली नाही, म्हणून आम्ही मेंढरं राखली.

मी स्वतः मेंढरं सोडून गवंडी झालो. सदुसष्टच्या भूकंपानंतर कोयनानगरला ढिगारे उपसायची आणि दुरुस्तीची कामं निघाली, तिथं हातात थापी आली ती तीस वर्षं सुटली नाही. अक्षरं फार उशिरा आली, छप्पन्नाव्या वर्षी, साक्षरता वर्गात. उमा नावाची शेजारची मुलगी शिकवायची आणि माझ्या ‘ळ’ला हसायची. तेव्हापासून दिसेल ते वाचतो. दुकानाच्या पाट्या, एसटीचे फलक, भज्याचा कागद. एवढं सांगायचं कारण पुढं येईल.

अठ्ठ्याण्णव सालच्या मार्गशीर्षात पल्लवीचा निरोप आला. सांगलीत शेठच्या पेढीवर ठिकठिकाणचे एजंट जमणार होते. तानाजींनी बांधलेला गड त्यांच्यापुढं मांडायचा. खेळ पसंत पडला तर तानाजी कायम होणार, नाही पडला तर शेडला कुलूप. सामान दोघांनी उचलण्याजोगं होतं, म्हणून मी साताऱ्याला गेलो.

घरात शिरलो तर जावई जमिनीवर मांडी घालून बसलेले आणि पुढ्यात गड. मला पाहून ते उत्साहानं सांगू लागले.

“मामा, खेळ असा हाय. दोनी बाजूला एकेक गड. जादूगार छत्रीवरनं गोळा मारतो, तवा ती भिंत—”

“पावणं, मला नका सांगू,” मी म्हणालो. “बासष्ट वर्षं जमिनीवर काढली. आता छत्रीवर बसायला शिकू व्हय?”

ते हसले आणि गडाकडे वळले. पल्लवीनं चहाचा ट्रे जरा जोरात ठेवला आणि गडाची पुढची भिंत भसकन खाली आली. तानाजींना त्याचं काहीच नाही. पुन्हा ठोकळे रचू लागले. मी चहा पीत पाहत होतो, तो कप खाली ठेवला. खालपासून वरपर्यंत सांध्यावर सांधा. सगळ्या उभ्या फटी एका रेषेत. ज्यानं एक दिवस पाटी वाहिली आहे त्यालासुद्धा कळतं, की वरची वीट खालच्या दोन विटांच्या सांध्यावर बसली पाहिजे. सांधेमोड म्हणतात तिला. कोयनेला सांधेमोड न केलेल्या भिंती मी पाहिल्या होत्या. दार उघडावं तशा मधोमध उघडल्या होत्या, आणि आतली माणसं आम्ही काढली होती.

“ही भिंत न्हाई, पत्त्याची चळत हाय,” मी म्हणालो.

“डिझाइनच तसं हाय, मामा. पुण्याचा शौनक म्हणून पोरगा हाय, त्यानं काढलंय.”

“त्यानं कवा वीट उचललीया का?”

“आवं पण ती भिंत—”

मी हात वर केला. पल्लवी आतून म्हणाली, “आबांना सांगून उपेग न्हाई. तुमी चहा घ्या.”

सकाळी तानाजी कंपनीत चिठ्ठी आणायला गेले, पल्लवी पाण्याला गेली. गड आणि मी असे दोघंच घरात. एसटी कराडच्या पुढं कशी आदळते हे मला ठाऊक. सांगलीला पोचेपर्यंत या गडाचं पोतेरं होणार, आणि जावयाची नोकरी त्याच्यासंगं. मी बाह्या वर केल्या. खोक्याचं झाकण उलटं पडलं होतं, त्याचीच पाटी केली, भिंत सोडवून ठोकळे त्यात घेतले. सोबत एक पुस्तक होतं. उघडलं तर आत एक अक्षर नाही. नुसती चित्रं आणि बाण. मी छप्पन्नाव्या वर्षी रडत-कढत अक्षरं शिकलो, आणि शिकलेल्या लोकांनी तोवर बिनअक्षरांची पुस्तकं काढली! ते बाजूला फेकलं.

सांधेमोड करायची तर कडेला अर्ध्या विटा लागतात. त्या कुठं मिळाल्या, तर प्रेक्षकांच्या बाकाला. तिथं तीन जादूगार छत्र्या घेऊन सामना बघत बसले होते. त्यांना उठवून कोपरीच्या खिशात टाकलं आणि बाक मोडलं. थरावर थर दाबत गेलो. दोऱ्याला पल्लवीच्या कपाटाची किल्ली बांधून ओळंबा धरला. भिंत उभी राहिली तेव्हा पितळी तांब्यानं ढोसून पाहिली. हलली नाही. पल्लवीच्या जुन्या पातळात गुंडाळून मी गड खोक्यात घातला आणि वर झाकण तसंच उलटं ठेवून सुतळीनं आवळलं. जावई आले, तोवर मी चपला घालून तयार होतो.

एसटीत गडाचं खोकं माझ्या मांडीवर आणि छत्र्या-गोळ्यांचं तानाजींच्या मांडीवर होतं. पेठ नाका, इस्लामपूर, आष्टा, सगळ्या पाट्या वाचत गेलो. तानाजी दर खड्ड्याला दचकायचे. मी त्यांना म्हणालो, झोपा निवांत. त्यांना वाटलं, म्हातारा आज बरा बोलतोय.

पेढीच्या वरच्या मजल्यावर हळदीचा वास भरलेला. सात-आठ एजंट गादीवर लोडाला टेकलेले. ही चांगली बायकापोरांची माणसं एका खेळण्यासाठी हुबळीपासून आली होती. तानाजी गोळा मारायच्या छत्रीचा खटका जुळवत होते, म्हणून गड मीच बाहेर काढून मधोमध मांडला आणि दाराशी जाऊन उभा राहिलो. धवलशेठनं दोन शब्द सांगितले आणि कोल्हापूरच्या लालासाहेबांना पहिला मान दिला. लालासाहेब म्हणजे देह असा, की छत्री काय, बैलगाडीसुद्धा उडाली नसती. त्यांनी खटका दाबला. गोळा सुटला, भिंतीवर टणकन आपटला आणि उलटा येऊन शेठच्या बशीत पडला.

पुन्हा दाबला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा गोळा लोडाखाली गेला.

“शेठ,” लालासाहेब म्हणाले, “गड लय पक्का हाय. शत्रू घरी जाऊन जेवून येतोय बघा.”

सगळे हसले. शेठ हसले नाहीत. भिंत कुणी बांधली, असं त्यांनी हळू आवाजात विचारलं. तानाजी वाकले. त्यांनी सांधे पाहिले, मग मोडलेलं बाक पाहिलं. त्यांना माझा हात ओळखू आला. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, “मी, शेठ.”

झाकण माझ्या पायाशी पडलं होतं, या वेळी सुलटं. त्याच्यावर मोठ्या लाल अक्षरांत एकच ओळ होती. मी ती ओठ हलवत वाचली. ‘जो समोरची भिंत आधी पाडील तो जिंकला.’ भज्याचा कागद न सोडणारा मी, आणि हीच ओळ सकाळी जमिनीकडे तोंड करून ठेवली होती.

“त्यांनी न्हाई. मी बांधली,” मी म्हणालो. “गवंडी हाय मी. पडायसाठी भिंत बांधत्यात हे मला ठावं नव्हतं.”

शेठ काही बोलणार, तेवढ्यात लालासाहेबांनी लोडावरून मान उचलली. “मग ज्यानं बांधली त्यानंच आता पडंल अशी बांधावी की. बघू तर.”

मी गादीच्या कडेला बसलो. भिंत सोडवली आणि पहिला थर लावला. दुसऱ्या थराला हात आपोआप अर्ध्या विटेकडे गेला. तानाजींनी तो हळूच धरून मागं घेतला. तीस वर्षांत माझ्या हातानं सांध्यावर सांधा ठेवला नव्हता. मुकादमानं शिव्या दिल्या तेव्हा नाही, घाई होती तेव्हा नाही, आणि आता आठ लठ्ठ माणसांपुढं, जादूगारांसाठी, मी तो ठेवला. मग तिसरा थर. बारा थर होते. ओळंबा धरावासा वाटला, पण धरला नाही.

गोळा सुटला आणि भिंत भसकन पडली. गादीवरची माणसं लहान पोरांसारखी ओरडली, टाळ्या पिटल्या, हुबळीवाला तर उठून उभा राहिला. माझ्या भिंतींत आजही दोनशे बिऱ्हाडं राहतात. त्यांतल्या एकाही भिंतीला कधी टाळी मिळाली नव्हती.

खेळ पसंत पडला. शेठनं तानाजींना सोमवारी दोन फोटो घेऊन यायला सांगितलं, कायमचा अर्ज भरायला. माझ्याकडे पाहून म्हणाले, “काका, तुम्ही मात्र येऊ नका.”

परतीच्या एसटीत तानाजींनी दोघांची तिकिटं काढली. आष्टा गेल्यावर म्हणाले, “मामा, काल मी सांगत हुतो तवा ऐकलं असतं तर?”

“तर तुमच्यासारखी वाईट भिंत पहिल्याच फटक्यात बांधली असती,” मी म्हणालो. ते हसले. मीही हसलो असेन.

घरी आल्यावर कोपरीच्या खिशात ते तिघं सापडले. पल्लवीनं त्यांना फळीवर मांडलं. अजून तिथंच आहेत, टोप्या घालून. छत्र्या मी काढून घेतल्या.