तेरावा रकाना

या, अशा जवळ सरका. दाराशी बसलं की वारा लागतो आणि कथा अर्धीच कानी पडते. आज एका कागदाची कथा सांगतो. कागदाची म्हणून हसू नका. त्याला बारा रकाने होते, आणि एका बाईचा जीव तेराव्यात अडकला होता.

तेव्हा घशाच्या तापाची साथ होती. दोन दिवस घसा, मग छाती. धडधाकट माणूस बहुतेक उठून बसायचा. छाती मुळातच कमजोर असली तर देवावर हवाला. लस नवी होती, अजून संशोधनातच. तिच्याबद्दल एवढंच कळलं होतं की आजाऱ्याची भेट झाल्यापासून चार दिवसांच्या आत टोचली तर ती लागू पडते. पाचव्या दिवशी टोचली तर नुसता दंड दुखतो. म्हणून संशोधन केंद्राची रीत अशी होती : कोणाला ताप आला की विचारायचं, अलीकडे कोणाकोणाला भेटलात? त्या सगळ्यांना गाठून टोचायचं. आजाऱ्याभोवती असं रिंगण घातलं की विषाणू आतच अडकतो, बाहेर पडायला त्याला माणूसच मिळत नाही.

आता भेट म्हणजे काय, हे ठरवायला मोठ्या डॉक्टरांनी तीन बैठका घेतल्या. रस्त्यात समोरून गेलेला प्रत्येक जण धरला तर लस पुरायची नाही. शेवटी ठरलं, ज्याच्याशी तीन शब्दांहून जास्त बोलणं झालं, ती भेट. बोलणारा माणूस जवळ असतो, बोलताना थुंकी उडते, आणि बोललेलं लक्षात राहतं. शास्त्र म्हणून यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. मोठे डॉक्टर स्वतः फार बोलके होते.

हा कागद घेऊन घरोघर जाणारी एक नर्स होती. नाकात काडी घालून नमुना घ्यायची, म्हणून सगळे तिला काडीबाई म्हणत. एका शनिवारी ती ज्या घरी गेली, तिथल्या बाईला आदल्या दिवशी ताप भरला होता. या बाईला आपण धाकटी म्हणू. का, ते पुढे येईल. धाकटी उशीला टेकून बसली होती, नवरा पायथ्याशी खुर्ची टाकून.

काडीबाईनं काडी घातली, धाकटी शिंकली, नमुना नळीत गेला. मग कागद निघाला.

"गेल्या तीन दिवसांत कोणाशी बोललात?"

"यांच्याशी," धाकटी म्हणाली.

"माझ्याशी कसली बोलतेय," नवरा म्हणाला. "माझ्यावर बोलते."

"ते धरतो आम्ही. आणखी?"

"खालची शेजारीण. दूधवाला. बस्स."

काडीबाईनं तीन नावं लिहिली. धाकटीनं कागद वरपासून खालपर्यंत बघितला. मग म्हणाली, "बाई, ज्यांच्याशी बोलले नाही, त्यांचं कुठे लिहायचं?"

"ते आम्हाला नकोत. न बोललेल्यांची यादी केली तर अख्खं शहर निघेल!"

"आणि हिची तर मोठीच निघेल," नवरा म्हणाला. "सख्ख्या बहिणीपासून सुरुवात."

धाकटीनं मान भिंतीकडे वळवली. काडीबाईनं सही घेतली आणि निघाली. धाकटी खोटं बोलली नव्हती, एवढं लक्षात असू द्या.

तर ही बहीण. धाकटीहून चार वर्षांनी मोठी, दोन गल्ल्या सोडून राहायची. लहानपणीच्या दुखण्यानं तिचं एक फुप्फुस निकामी झालेलं. जिना चढताना प्रत्येक वळणावर थांबायची. नऊ वर्षांपूर्वी आई गेली आणि आईचं शिवणयंत्र कोणी न्यायचं यावरून शब्दाला शब्द वाढला. दोन्ही नवऱ्यांनी आपापल्या बाजूनं तेल ओतलं. शेवटी दोन्ही घरांसमोर दोघींनी शपथ घेतली, "तुझ्याशी एक शब्द बोलले तर माझी जीभ झडो." धाकटी आणखी एक पाऊल पुढे गेली. म्हणाली, "पुन्हा तुला ताई म्हटलं तर बघ." शिवणयंत्र शेवटी कोणीच नेलं नाही. आईच्या घराच्या नव्या मालकानं त्यावर कुंडी ठेवली.

दोघीही देवाधर्माच्या. शपथ म्हणजे शपथ. पण शपथ बोलण्याची होती, बसण्याची नव्हती.

चौकात कपडे धुवायच्या मशिनींचं एक दुकान होतं. पैसे टाकायचे, कपडे कोंबायचे, चाळीस मिनिटं बाकावर बसायचं. अबोल्याच्या पहिल्याच वर्षी एका गुरुवारी दोघी नेमक्या एका वेळी तिथे पोचल्या. बाक एकच होता. मोठी बसली. धाकटी तिच्या डावीकडे बसली. दोघींनी मशिनीकडे बघितलं. पुढच्या गुरुवारीही तसंच झालं, आणि मग दर गुरुवारी. कोपऱ्यातल्या यंत्रातून मोठी एक कप चहा घ्यायची, अर्धा प्यायची, कप दोघींच्या मध्ये ठेवायची. उरलेला अर्धा धाकटी प्यायची. कधी धाकटी आधी आली तर ती आधी प्यायची आणि उरलेला मोठी. आठ वर्षांत एक अक्षर नाही. कपडे झाले की दोघी दोन दिशांना. दोन्ही घरांना ताकास तूर लागू दिली नाही. ताप भरला त्याच्या आदल्या दिवशी गुरुवारच होता, आणि त्या दिवशी धाकटी आधी आली होती.

आता रविवारकडे येऊ. काडीबाई आपल्या घरी जेवायला बसली होती. तिचं आणि नवऱ्याचं सकाळपासून बोलणं बंद होतं. कारण नळाचं होतं, त्यात शिरायला नको. दोघं समोरासमोर, मध्ये एकच वाडगं. नवरा त्यात चमचा घालणार तोच शिंकला. वाडग्यातच शिंकला. मग शांतपणे वाढून घेतलं आणि वाडगं तिच्याकडे सरकवलं.

काडीबाई वाडग्याकडे बघत राहिली. आपल्या कागदाप्रमाणे हा माणूस आज मला भेटलेलाच नाही, असं तिच्या मनात आलं. आणि त्यापाठोपाठ भिंतीकडे वळलेली ती मान आठवली.

"उद्या मला लवकर जायचंय," ती म्हणाली.

"चार शब्द झाले," नवरा म्हणाला. त्यालाही तो नियम पाठ होता.

सोमवार उजाडला. धाकटीला दवाखान्यात हलवलं होतं, वेगळ्या खोलीत, एका बाजूला काच. नाकातोंडावर प्राणवायूचा मुखवटा. काडीबाई अंगभर झगा चढवून आत गेली, वाकली.

"चुकी माझी झाली. परवा तुम्ही विचारलंत ते मी ऐकायला हवं होतं. बोलला नाहीत, पण जवळ बसलात, असं कोणी?"

धाकटीचे डोळे भरले. तिनं मान हलवली.

"कधी?"

धाकटीनं चार बोटं दाखवली. चौथा दिवस आजच होता.

"लिहून देता?" काडीबाईनं पेन पुढे केलं. धाकटीनं ते कागदावर टेकवलं, पण अक्षर उमटेना. तेव्हा धाकटीनं मुखवटा बाजूला ओढला. श्वास गोळा करायला तिला बराच वेळ लागला. दारात उभ्या असलेल्या तिच्या नवऱ्यालाही ऐकू गेलं.

"ताई," ती म्हणाली.

काडीबाईनं घाईत तेच लिहिलं. नात्याच्या रकान्यात "बहीण" लिहायचा नियम होता. पत्ता मग दारातल्या नवऱ्यानं सांगितला, खाली बघत.

दुपारी काडीबाई लसीची बर्फाची पेटी घेऊन मोठीच्या दारात उभी राहिली.

"मला कशाला लस? ताप आलेल्या कोणाशी मी बोललेले नाही."

"तुम्ही कोणाच्या तरी जवळ बसला होता."

"कोणाच्या?"

"ते सांगता येत नाही. आजाऱ्याचं नाव गुप्त ठेवायचा नियम आहे."

"मग मीही टोचून घेणार नाही. नाव-गाव नसलेल्या माणसासाठी मी दंड का दुखवू?" मोठी दार लावू लागली.

काडीबाईनं पाय मध्ये घातला. "सही करण्याआधी कागद वाचायचा तुमचा हक्क आहे. तोही नियमच आहे."

मोठीनं चष्मा लावला. एकेक रकाना बोट ठेवून वाचला. वय, पत्ता. नात्यावर बोट थांबलं. त्या एका शब्दावर ती पूर्ण कागद वाचायला लागेल त्याहून जास्त वेळ होती.

"हे तुमच्या मनानं लिहिलंत?"

"मी मनानं काही लिहीत नाही."

मोठीनं सही केली, बाही वर केली. "डाव्या दंडाला टोचा," म्हणाली. "ती त्या बाजूला बसते."

गुरुवारी मोठी दवाखान्यात आली. काचेपलीकडेच थांबायची परवानगी होती. तिनं कॉरिडॉरमधल्या यंत्रातून एक कप चहा घेतला, अर्धा प्यायली, उरलेला काचेच्या कडेला ठेवला. आतून धाकटी बघत होती. वॉर्डातली नर्स नंतर काडीबाईला म्हणाली, "अगं, एक शब्द नाही बोलल्या दोघी. भांडण आहे का काही?"

"किती वेळ?" काडीबाईनं विचारलं.

"चाळीसेक मिनिटं."

शनिवारी धाकटी गेली. मोठीला एकवीस दिवस रोज तपासलं. ताप आला नाही.

काडीबाई मोठ्या डॉक्टरांकडे गेली आणि म्हणाली, एक रकाना वाढवा.

"पण न बोलता इतका वेळ जवळ कोण बसतं?" डॉक्टर म्हणाले.

"आज घरी जाऊन बघा, सर."

डॉक्टरांनी घरी काय बघितलं, माहीत नाही. पण दुसऱ्या दिवशी, तेही बैठक न घेता, तेरावा रकाना छापायला गेला : "कोणाजवळ नुसते बसलात?" नळाचं भांडणही त्याच आठवड्यात मिटलं म्हणतात.

मोठी अजून गुरुवारी त्या बाकावर बसते. उजवीकडेच.

तर मंडळी, देव करो आणि तुमच्यावर तो कागद भरायची पाळी न येवो. आलीच, तर बारा रकाने भरून झाल्यावर घाईनं सही करू नका. तेराव्यापाशी थांबा, आणि धाकटीची आठवण काढा. तिचं नाव मात्र मला विचारू नका, नियम आहे.